जाणिवेवर संशोधन करायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

फोंड्याहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, प्राणिशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मेंदू आणि जाणीव यांच्या संबंधावर संशोधन करण्यापर्यंत पोहोचता येते का, त्यासाठी एम.बी.बी.एस. असावेच लागते का, आणि हे सगळे गोव्यात राहून जमेल का. घरच्यांचे म्हणणे असे की बी.एड. करून शाळेत लागावे, कारण तत्त्वज्ञानावर पोट भरत नाही. मी भूल दिलेल्या आणि झोपलेल्या माणसांच्या ईईजीवर, म्हणजे डोक्यावरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युतलहरींवर, काम करते. मी डॉक्टर नाही. माझीही सुरुवात प्राणिशास्त्राच्या बी.एस्सी.नेच झाली. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर लगेच देते: पोहोचता येते, आणि एम.बी.बी.एस. लागत नाही. तिसऱ्याचे उत्तर मात्र तुम्हाला या विषयातले नेमके काय हवे आहे, त्यावर अवलंबून आहे.

खरी अडचण अभ्यासक्रम निवडण्याची नाहीच. अडचण अशी आहे की या विषयाच्या नावाने नोकरी नसते. ‘जाणिवेचे संशोधक पाहिजेत’ अशी जाहिरात मी आजवर पाहिलेली नाही. या क्षेत्रातली माणसे दृष्टी, झोप, भूल, अवधान, ईईजीचे विश्लेषण किंवा मेंदूच्या दुखापती यांपैकी कशाची तरी जाणकार म्हणून नेमली जातात, आणि जाणिवेचा प्रश्न त्या कामातून लावून धरतात. म्हणून ‘कोणती पदवी घेऊ’ याच्या आधी ‘या प्रश्नाचे कोणते रूप माझे आहे’ हे ठरवावे लागते. मुळात अनुभव नावाची गोष्ट जगात असावीच का, हे एक रूप. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने 1995 मध्ये त्याला ‘कठीण समस्या’ म्हटले, आणि तोच प्रश्न तुम्हाला झोपू देत नसेल तर तत्त्वज्ञानाचे रीतसर शिक्षण घ्या, प्रयोगशाळेत तुमची निराशा होईल. अनुभव असताना आणि नसताना मेंदूत काय बदलते, हे दुसरे रूप, ते मेंदूविज्ञानाचे. समोर निपचित पडलेल्या या माणसाला आत्ता काही जाणवते आहे का, हे तिसरे, आणि ते रुग्णालयातले आहे. पुढे मी जे लिहिते आहे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपाविषयी आहे.

घरच्यांना हे तत्त्वज्ञान वाटते यात त्यांचा दोष नाही. 1980 च्या दशकापर्यंत बहुतेक मेंदूशास्त्रज्ञांनाही तसेच वाटत असे, आणि स्थिर नोकरी मिळण्याआधी या विषयाचे नाव काढणे तरुण संशोधकाला महागात पडे. डीएनएच्या रचनेच्या शोधासाठी 1962 चे नोबेल मिळालेले फ्रान्सिस क्रिक उतारवयात मेंदूकडे वळले आणि 1990 मध्ये त्यांनी मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांच्यासोबत जाणिवेच्या जीवशास्त्रीय अभ्यासाची मांडणी प्रसिद्ध केली. त्यांचे म्हणणे साधे होते: व्याख्येवरून वाद घालत बसू नका, एका ठरावीक अनुभवाबरोबर मेंदूत कमीत कमी काय घडावे लागते ते शोधा. क्रिक यांच्यासारख्या माणसाने हे म्हटल्यामुळे बाकीच्यांना धीर आला. तरीही वाट लांबच निघाली. मेंदूतली ही खूण 25 वर्षांत स्पष्टपणे सापडेल अशी पैज कॉख यांनी 1998 मध्ये चाल्मर्स यांच्याशी लावली होती. 2023 मध्ये न्यूयॉर्क येथील परिषदेत त्यांनी जाहीरपणे हार मान्य केली आणि पोर्तुगीज वाइनचा खोका चाल्मर्सना दिला. या क्षेत्रात येणाऱ्याने ही पैज आधी ऐकून ठेवावी. पंचवीस वर्षे चांगल्या माणसांनी चांगले काम करूनही मुख्य प्रश्न सुटलेला नसतो, आणि तरीही त्या काळात पुष्कळ काही कळलेले असते, हे दोन्ही तुम्हाला एकदम मान्य करता आले पाहिजे.

काय कळले, आणि कसे, ते सांगते, कारण पद्धत समजली की शिक्षणाची दिशा आपोआप समजते. आमच्या कामाचा पाया एकच: बाहेरून येणारी गोष्ट तीच ठेवायची आणि अनुभव बदलू द्यायचा. एका डोळ्याला घर आणि दुसऱ्याला चेहरा दाखवला तर माणसाला दोन्ही एकत्र दिसत नाहीत. काही क्षण घर दिसते, काही क्षण चेहरा. पडद्यावर काहीही बदललेले नसते, म्हणून त्या वेळी मेंदूत जे बदलते ते अनुभवाशी संबंधित असण्याची शक्यता वाढते. 1997 मध्ये माँट्रियल येथे प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून, संमोहनाखाली ‘याचा त्रास कमी वाटेल’ किंवा ‘जास्त वाटेल’ अशा सूचना दिल्या गेल्या. पाणी तेच, हात तोच. पण नकोसेपणा बदलला, आणि त्यासोबत मेंदूच्या मध्यरेषेजवळच्या अँटिरिअर सिंग्युलेट या भागाची क्रिया बदलली. स्पर्श कोठे आणि किती, याची नोंद घेणारा भाग मात्र तसा बदलला नाही.

हे वाचताना गोव्यातल्या वाचकाला पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारिया यांचा पुतळा आठवल्याशिवाय राहणार नाही. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये 1813 पासून प्रात्यक्षिके दाखवून असे मांडले की संमोहन करणाऱ्याच्या हातातून कोणतेही चुंबकीय द्रव्य वाहत नाही; जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात, त्याच्या अपेक्षेतून आणि एकाग्रतेतून घडते. पुतळ्यातला त्यांचा आविर्भाव नाट्यमय आहे आणि पर्यटक त्याचीच छायाचित्रे काढतात, पण त्यांच्या विचारातली खरी धिटाई ही होती की त्यांनी कारण जादूगाराकडून काढून अनुभव घेणाऱ्याकडे नेले. माँट्रियलचा प्रयोग त्याच वाटेवरचा आहे, फरक इतकाच की आता मोजण्याची साधने आहेत. आपल्याकडे कॉलेजांत हा धागा शिकवला जावा असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या कामाजवळ येते, कारण या विषयाचा खरा अवघडपणा शस्त्रक्रियागृहात सर्वांत स्पष्ट दिसतो. भूल देताना झोपेचे औषध आणि स्नायू सैल करणारे औषध ही दोन वेगळी औषधे असतात. दुसरे दिल्यावर माणसाला पापणीही हलवता येत नाही. त्याला काही जाणवत असले तरी तो सांगू शकणार नाही. त्यावर 1977 मध्ये एक साधी युक्ती पुढे आली. स्नायू सैल करणारे औषध शिरेत जाण्यापूर्वी एका हाताला रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखा पट्टा बांधून तो फुगवायचा, म्हणजे त्या हाताचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता थांबतो, औषध तेथे पोहोचत नाही आणि त्या हाताची बोटे हलण्याजोगी राहतात. मग रुग्णाच्या कानाजवळ जाऊन त्याचे नाव घेऊन म्हणायचे, ‘माझे बोलणे ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.’ सहा ठिकाणी मिळून केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर 260 पैकी 12 रुग्णांनी हात दाबला. अशा प्रकारे हात दाबणाऱ्या बहुतेकांना नंतर विचारले तर काहीही आठवत नाही.

या एका निरीक्षणावर थोडे थांबा. रुग्ण दुसऱ्या दिवशी म्हणतो, ‘मला काहीच कळले नाही.’ त्याचा अर्थ त्याला त्या वेळी काही जाणवले नव्हते, की जाणवले पण आठवण टिकली नाही? आपण अनुभवाविषयी जे काही जाणतो ते माणसाच्या सांगण्यातून, आणि सांगण्याला आठवण लागते, भाषा लागते, हलणारा स्नायू लागतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट अनुभवापासून वेगळी काढणे हेच आमचे रोजचे काम आहे. केटामाइन हे भुलीचे औषध दिलेला माणूस हाकेला ओ देत नाही, पण जागा झाल्यावर विलक्षण रंगीत स्वप्नांचे वर्णन करतो. प्रोपोफॉल या दुसऱ्या औषधाच्या खोल भुलेनंतर माणूस सहसा तसे काही सांगत नाही. बाहेरून दोघेही सारखेच निपचित दिसतात. कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूला हलकेच डिवचायचे आणि त्याचा पडसाद ईईजीवर किती गुंतागुंतीचा उमटतो हे मोजायचे, अशी एक पद्धत आहे. तिच्यात प्रोपोफॉलखाली पडसाद साधा आणि एकसुरी येतो, केटामाइनखाली तो जागेपणीच्या जवळ जातो. म्हणजे माणसाने हू की चू केले नाही तरी त्याच्या आत काय चालले असावे याचा थोडा अंदाज घेता येतो. मी या विषयात टिकून राहिले ती या प्रकारच्या निष्कर्षांमुळे.

झोपेच्या प्रयोगशाळेतही हीच कसरत असते. रात्री ईईजी चालू असताना माणसाला मधूनच उठवायचे आणि लगेच विचारायचे, ‘उठण्याच्या क्षणाआधी मनात काय चालले होते?’ ‘स्वप्न पडले का?’ असे विचारले की लोक गोष्टीसारखे काही तरी जुळवू लागतात, किंवा गोष्ट नसली तर सरळ ‘नाही’ म्हणतात; म्हणून प्रश्नाचे शब्द आधी ठरवून घ्यावे लागतात आणि रात्रभर बदलायचे नसतात. आमच्याकडे हा प्रश्न कोकणीतूनच विचारावा लागतो, ‘जागें जावचे पयलीं तुज्या मनांत कितें चलतालें?’ असा, कारण अर्धवट झोपेतला माणूस दुसऱ्या भाषेत उत्तर शोधू लागला की तेवढ्यात जे हाताशी असते ते निसटते. काही जण म्हणतात की काही तरी नक्की होते, पण काय ते सांगता येत नाही. हे उत्तर ‘नाही’ या रकान्यात टाकायचे नसते. त्याचा रकाना वेगळा. ज्या विद्यार्थ्याला असे विचारणे आणि संयमाने ऐकणे जमते, त्याला मी उत्तम गणितज्ञाइतकेच मोल देते.

रुग्णालयातल्या रूपाविषयी बोलायलाच हवे, कारण गोव्यात रस्त्यावरच्या अपघातांत डोक्याला मार लागलेली तरुण मुले आपण सर्वांनी जवळून पाहिली आहेत. आठवडे उलटतात, डोळे उघडतात, पण नजर कोठेच ठरत नाही, आणि आई विचारते, ‘ताका आमचें आयकूं येता?’ 2006 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अशाच अपघातानंतर पाच महिने कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या 23 वर्षांच्या एका तरुणीला एमआरआय यंत्रात सांगितले की आपण टेनिस खेळतो आहोत अशी कल्पना करा, आणि नंतर, आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरतो आहोत अशी. प्रत्येक सूचनेला तिच्या मेंदूतला वेगळा भाग उजळला, निरोगी माणसांत उजळतो तोच. 2024 मध्ये अनेक देशांतील केंद्रांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सूचनेला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांच्या मेंदूने एमआरआय किंवा ईईजीवर सूचना पाळल्याचे दिसले. म्हणजे चारांत एक. उरलेल्या तिघांना काही जाणवत नाही असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. चाचणीच्या वेळी ते झोपेत असतील, त्यांना ऐकू येत नसेल, भाषा समजत नसेल. हा फरक त्या आईला नीट, खोटी आशा न लावता आणि उगाच आशा न मोडता सांगता येणे, हेही या व्यवसायातले कौशल्य आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यक्रमात नसते.

सिद्धान्तांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यावर वाचायला भरपूर मिळेल. माहिती मेंदूभर प्रसारित झाली की तिची जाणीव होते, अशी बर्नार्ड बार्स यांनी मांडलेली आणि स्तानिस्लास दहेन यांनी मेंदूच्या अंगाने पुढे नेलेली एक बाजू आहे. जाणीव म्हणजे एकात्म झालेल्या माहितीचेच रूप, अशी ज्युलिओ तोनोनी यांची दुसरी. या दोन्ही बाजूंनी निकाल काय लागायला हवा ते आधी लिहून दिले आणि तटस्थ प्रयोगशाळांनी 256 जणांवर प्रयोग केले; 2025 मध्ये आलेल्या निकालात दोन्ही सिद्धान्तांची काही महत्त्वाची भाकिते चुकली. दरम्यान 2023 मध्ये 124 संशोधकांनी तोनोनी यांच्या सिद्धान्ताला जाहीर पत्रातून छद्मविज्ञान म्हटले. मला ते पत्र अनाठायी वाटले, कारण जो सिद्धान्त प्रयोगाला सामोरा जाऊन चुकण्याची तयारी दाखवतो त्याला हा शब्द लावणे बरोबर नाही. तुम्ही मात्र पीएच.डी. संपेपर्यंत कोणत्याही गटाचे होऊ नका.

आता शिक्षण. प्राणिशास्त्रानंतर मेंदूविज्ञान किंवा संज्ञानविज्ञान (कॉग्निटिव्ह सायन्स) यांत एम.एस्सी. करता येते: अलाहाबाद विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ आणि आयआयटी गांधीनगर येथे संज्ञानविज्ञान शिकवले जाते. पीएच.डी.साठी बेंगळुरूचे निम्हान्स ही मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, तेथीलच भारतीय विज्ञान संस्थेचे मेंदूविज्ञान केंद्र, हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, पुण्याचे आयसर आणि आयआयटी कानपूर ही ठिकाणे पाहावीत. निम्हान्समध्ये जाणिवेच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि झोप व ध्यान यांवर तेथे बऱ्याच काळापासून काम होते. सीएसआयआर-नेट, गेट, टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि तिचे बेंगळुरूचे जीवशास्त्र केंद्र एनसीबीएस यांची संयुक्त प्रवेश परीक्षा, यांपैकी ज्या संस्थेला जी चालते ती द्यावी. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोणत्या पद्धतीने काम करतो ते पाहा. त्याच्या संकेतस्थळावर ‘जाणीव’ हा शब्द एकदाही नसेल, पण तो दृष्टीवर किंवा अवधानावर काटेकोर प्रयोग करत असेल, तर तेथे तुम्ही या प्रश्नाच्या अधिक जवळ जाल.

प्राणिशास्त्रातून येणाऱ्यांची कच्ची बाजू गणित आणि प्रोग्रामिंग ही असते, आणि ती यंदाच भरून काढायला घ्यावी. संख्याशास्त्र, रेखीय बीजगणित आणि पायथॉन, इतके पुरे. फिजिओनेट या संकेतस्थळावर ‘स्लीप-ईडीएफ’ नावाच्या संग्रहात पूर्ण रात्रीच्या झोपेच्या ईईजी नोंदी मोफत मिळतात. त्यांतली एक उतरवून घ्या, गाढ झोपेतल्या संथ लहरी आणि स्वप्नावस्थेतल्या लहरी स्वतःच्या हाताने वेगळ्या करा, त्यांचे आलेख काढा. घरी बसून साध्या लॅपटॉपवर हे होते. हे काम कंटाळवाणे वाटले तर ते आत्ताच कळलेले बरे, कारण या व्यवसायातला मोठा वेळ अशा आलेखांसमोर जातो.

पैसा आणि वर्षे यांविषयी घरच्यांशी स्पष्ट बोला. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आणि त्यानंतर 42,000 रुपये मिळतात, वर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे धरावीत. पुढे दोन ते चार वर्षांचे पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधनाचे काम, बहुधा परदेशात. म्हणजे कायमची नोकरी तिशीच्या मध्यावर, आणि तीही मिळेलच असे नाही. घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांचे शिक्षण तुमच्या पगारावर अवलंबून असेल, तर आधी बी.एड. करून दोन-चार वर्षांनी परत येणे हा शहाणपणाचाच निर्णय ठरेल. उशिरा आलेले चांगले संशोधक मी पाहिले आहेत. तशी निकड नसेल तर मात्र घरच्यांना हे सांगा की ईईजी वाचणे, संकेतांचे विश्लेषण करणे आणि माणसांवरचे प्रयोग नीट आखणे ही कौशल्ये रुग्णालयांत, वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांत आणि विदा-विश्लेषणाच्या (डेटा अॅनालिसिसच्या) नोकऱ्यांत चालतात. त्यांची काळजी तुमच्या उपजीविकेची आहे, तुमच्या प्रश्नाविषयी त्यांचे वैर नाही.

गोव्यात राहून हे होईल का? सुरुवात होईल, मधली दहा वर्षे बहुधा होणार नाहीत, आणि परत येता येईल की नाही ते त्या वेळच्या जागांवर ठरेल. सध्या येथे झुआरीनगरला बिट्स पिलानीच्या संकुलात जीवशास्त्र विभागात मेंदूविज्ञानाचे काम चालते. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मनोविकार व मानवी वर्तन संस्थाही तेथेच आहे. आपल्या प्राध्यापकांचे पत्र घेऊन ईईजी कक्षात काही दिवस बसण्याची परवानगी मागा. केस बाजूला करून, कातडी पुसून, पेस्ट लावून इलेक्ट्रोड नीट कसा बसवायचा, रुग्णाने दात आवळले की नोंद कशी बिघडते, हे पुस्तकातून कळत नाही. देशातील विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप दरवर्षी असते. तिच्यासाठी अर्ज करा आणि दोन महिने बाहेरच्या प्रयोगशाळेत राहून पाहा.

अर्ज करताना किंवा एखाद्या संशोधकाला ईमेल लिहिताना ‘मला जाणिवेविषयी लहानपणापासून कुतूहल आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. तशी पत्रे सगळ्यांनाच रोज येतात. त्यांचा एक शोधनिबंध पूर्ण वाचा, त्यातला एक आलेख न समजल्यास तसे लिहा, आणि त्यावरून सुचलेला एक छोटा प्रयोग एका पानात मांडा: काय तेच ठेवाल, काय बदलाल, आणि माणसाला कोणत्या शब्दांत काय विचाराल. तुमचा अंदाज चुकला तर ते कशावरून ओळखाल, हेही त्याच पानावर लिहा. मी मुलाखत घेते तेव्हा माझा पहिला प्रश्न त्या शेवटच्या मुद्द्यावर असतो.